आर्थर कितव्या भागात मरतो?

टोरांटोजवळच्या आमच्या रिचमंड हिलला हिवाळ्यात ड्राइव्हवेच्या कडेला बर्फाचे ढीग साचतात. आपण रोज थोडं थोडं शोव्हल करून बाजूला टाकत असतो, आणि एके दिवशी लक्षात येतं, की शेजाऱ्याचं घरच दिसेनासं झालंय! किश्शांचंही तसंच होतं. ‘हे काही सांगण्यासारखं नाही’ म्हणून मी एकेक किस्सा बाजूला टाकत गेलो, आणि आता ढिगापलीकडचं काही दिसत नाही. तेव्हा मित्रहो, आज त्यातला थोडा तुमच्याकडे ढकलतो.

सांभाळून घ्या. मी आयुष्यभर विद्यापीठात मातीचं शास्त्र शिकवलं. कुठली जमीन किती भार पेलेल, कुठली खचेल, वगैरे. माझ्या लेक्चरला कोणी हसल्याचं आठवत नाही. एकदा एक विद्यार्थी हसला होता, पण तो फोनवर होता.

निवृत्त झाल्यावर मी बेसमेंटमध्ये बसून काळजी करत असे. विषय रोज बदलायचा. शेवटी बायको, म्हणजे कुंदा, म्हणाली, “अहो, काळजीच करायची तर चार लोकांत जाऊन करा!” मुलीने कुठल्याशा एजन्सीला माझा फोटो पाठवला. टोरांटोत सिनेमा आणि मालिकांचं शूटिंग बारा महिने चालू असतं. त्यांना मागे बसायला, रस्ता ओलांडायला, लग्नात टाळ्या वाजवायला माणसं लागतात. मला पहिलं काम मिळालं ते हॉस्पिटलच्या वेटिंग रूममधल्या माणसाचं. दिग्दर्शकाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि असिस्टंटला सांगितलं, “याला काही सांगू नका. असाच बसू द्या!”

तिथेच शेजारच्या खुर्चीवर आर्थर भेटला. तो त्या हॉस्पिटलचा पाद्री झाला होता.

आर्थर जन्माने इंग्रज, यॉर्कशायरमधल्या एका खाणकामगाराचा मुलगा. तरुणपणी एका नाटकाच्या दौऱ्याबरोबर कॅनडात आला. दौरा परत गेला, हा राहिला. कारण इथल्या एका मुलीने ‘उद्या येशील ना?’ असं विचारलं होतं. त्या मुलीशी त्याने लग्न केलं, चाळीसेक वर्षं संसार केला. आता ती नाही. आर्थर मिल्टनला लेकीच्या बेसमेंटमध्ये राहतो. (आमची मैत्री बरीचशी दोन बेसमेंटमधली आहे.) तो ‘कॅरेक्टर अॅक्टर’. म्हणजे ज्याचा चेहरा सगळ्यांना माहीत आणि नाव कोणालाच नाही, असा नट. बटलर, न्यायाधीश, बिशप, हेडमास्तर, म्हातारा लॉर्ड. तो बोलतो अर्थातच इंग्लिशमध्ये. मी मराठीत सांगतो, त्यात निम्मी मजा वाटेत सांडते. तो दोष माझा.

*

चेहरा माहीत असण्याचा एक त्रास असतो. लोकांना वाटतं, हा आपल्या ओळखीचाच आहे.

एकदा आम्ही दोघं ग्रोसरीला गेलो होतो. कांदे निवडत होतो. एक बाई लांबून आर्थरकडे बघत होत्या. जवळ आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर! ओळखलंत ना? तुम्ही माझा गुडघा केलात!”

आर्थर कधीतरी एका मालिकेत सर्जन झाला होता. मला वाटलं, आता तो खुलासा करेल. त्याने हातातला कांदा खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, “कसा आहे गुडघा?”

बाईंनी गुडघ्याची सगळी कहाणी सांगितली. जिना चढताना काय होतं, उतरताना काय होतं. आर्थर “अच्छा... अच्छा...” करत ऐकत होता. शेवटी म्हणाला, “चांगली प्रगती आहे. पण या हिवाळ्यात बर्फ शोव्हल करायचं नाही. मुलाला सांगा.”

बाई खूश होऊन गेल्या. मी घामाघूम! “आर्थर, हे बेकायदेशीर आहे!”

“मी कुठे फी घेतली? त्यांना डॉक्टर हवा होता. प्रेक्षकाला निराश करू नये.”

पुढे जानेवारीत त्याच दुकानात एक धिप्पाड तरुण आमच्या कार्टसमोर येऊन उभा राहिला. आर्थरकडे बोट दाखवून म्हणाला, “सो यू आर द डॉक्टर!”

त्याच्या हाताला प्लास्टर होतं. ड्राइव्हवेवर घसरला होता.

*

कॅनडातल्या शूटिंगचं एक तत्त्व आहे. गोष्ट उन्हाळ्यातली असेल तर शूटिंग जानेवारीत करायचं, आणि नाताळची असेल तर जुलैत!

कॅनडातल्या केंब्रिज गावात नदीकाठी जुन्या दगडी इमारती आहेत. गावाबाहेर मोटारींचा मोठा कारखाना आहे, पण कॅमेरा तिकडे वळवला नाही तर इंग्लंड वाटतं. तिथे एका लॉर्डच्या बागेतल्या समर पार्टीचं शूटिंग होतं. आर्थर लॉर्ड. मी त्याच्या पार्टीला आलेला संस्थानिक. दोघांच्या अंगात पातळ पांढरे सूट, आणि बाहेर अशी थंडी की नाकातले केस गोठून टोचत होते.

थंडीत बोललं की तोंडातून वाफ येते. उन्हाळ्याच्या सीनमध्ये वाफ कशी चालेल? म्हणून शॉटच्या आधी सगळ्यांना तोंडात धरायला बर्फाचे खडे देतात. तोंडच गार झालं की वाफ दिसत नाही. मी हातातल्या खड्याकडे पाहत राहिलो. सांगलीहून निघताना आईने सांगितलं होतं, “थंडीत गार काही खाऊ नकोस.” एवढंच सांगितलं होतं तिने!

आर्थरची ओळ होती, “फारच उकडतंय आज, नाही का?” मला ओळ नव्हती. मी नुसती मान हलवायची होती.

आर्थरने रुमालाने कपाळावरचा नसलेला घाम असा टिपला, की क्षणभर मलाही उकडलं. मी मान हलवली. कट! पुन्हा. पुन्हा हलवली. कट! शेवटी दिग्दर्शक माझ्यापाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “प्रोफेसर, तुम्ही जरा जास्तच सहमत होताय.”

अहो, मी कुडकुडत होतो!

*

हल्ली ऑडिशनला जावं लागत नाही. घरीच फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. आर्थर त्यासाठी आमच्याकडे येतो. कारण दोन सांगतो. आमच्या बेसमेंटची भिंत चांगली आहे आणि कुंदा थालीपीठ करते. कुंदा त्याला ‘आर्थरभाऊ’ म्हणते. त्याला वाटतं, ही काहीतरी पदवी आहे.

एकदा त्याने एका ड्यूकची ऑडिशन पाठवली. उत्तर आलं, “छान! पण अजून थोडं इंग्लिश वाटायला हवं.”

आर्थरने चहाचा कप खाली ठेवला. “प्रोफेसर, माझे आईवडील, आजी-आजोबा, त्यांचेही आईवडील एकाच चर्चच्या आवारात पुरलेत. यॉर्कशायरमध्ये. आता मी आणखी नेमकं काय करू?”

त्याच आठवड्यात माझी एका दुकानदाराची ऑडिशन परत आली होती. “छान! पण अजून थोडं इंडियन!” मी दोन रात्री झोपलो नाही. मनात आलं, इतकी वर्षं इथे राहून आपलं काहीतरी पुसलं गेलंय की काय? कुंदाला विचारलं, “मी कमी इंडियन वाटतो का गं?” ती म्हणाली, “डिशवॉशर लावताना अजिबात नाही वाटत!”

आर्थर जास्त व्यवहारी. त्याने फक्त टाय बांधला आणि तेच शब्द तसेच बोलून पुन्हा पाठवले. उत्तर आलं, “परफेक्ट!” मग त्याच्या सल्ल्याने मी मागच्या भिंतीवर कुंदाचं गणपतीचं कॅलेंडर टांगलं आणि तेच तसंच बोललो. मलाही उत्तर आलं, “परफेक्ट! आता अगदी बरोबर!”

शूटिंगच्या दिवशी माझं बोलणं कापलं होतं. वर कळलं, दुकानदार इराणी होता.

*

आता मुद्द्याचं सांगतो. आर्थर मरतो.

म्हणजे पडद्यावर. म्हातारा इंग्रज दिसला की लेखकांना त्याला मारावंसंच वाटतं. विष, जिना, समुद्र, झुंबर. एकदा तर त्याच्या अंगावर पुस्तकांचं कपाट पडलं होतं. बहुतेक वेळा दुसऱ्या भागात. फार लोकप्रिय झाला तर तिसऱ्यात. त्याची बायको होती तेव्हा सेटवर फोन करून विचारायची, “आज किती वाजता मरतोयस? म्हणजे बटाटे तेव्हा लावते.”

यात त्याला वाईट कधीच वाटलं नाही. वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं. इंग्लंडमध्ये त्याची मोठी बहीण आहे, एडिथ. नव्वदीच्या पुढची. विमानप्रवास तिला झेपत नाही, आणि त्याला डॉक्टर करू देत नाहीत, तेव्हा ती भावाला बघते ते टीव्हीवरच. आर्थरची कुठलीही मालिका ती न चुकता लावते. तो मेला की उठते, टीव्ही बंद करते आणि याला फोन करते. “मेलास रे परत!” एवढंच म्हणते आणि रडते.

“ते नाटक असतं हे तिला कळत नाही का?” मी विचारलं.

“सगळं कळतं. शाळेत मुख्याध्यापिका होती ती. पण म्हणते, तुला मेलेला बघायची मला सवय करून घ्यायची नाही.”

केंब्रिजहून परत येताना फोर-ओ-वन हायवेवर ट्रॅफिक तुंबला होता. आर्थरने हीटर जरा कमी केला. मग म्हणाला, “प्रोफेसर, माझी एकही मालिका तिने शेवटपर्यंत पाहिलेली नाही. मला एकदा, फक्त एकदा, शेवटच्या भागापर्यंत जगायचंय. मोठा रोल नको. मागे कुठेतरी सूप पीत बसलो असलो तरी चालेल.”

मी म्हणालो, “विंटर टायर्स बदलायला झालेत तुझे.”

अशा वेळी मला नेहमी असलंच काहीतरी सुचतं.

*

मध्यंतरी आमच्या मराठी मंडळाने नाटक बसवलं. स्वातंत्र्यलढ्याच्या काळातलं. लिहिलं होतं वानखेड्यांनी. ते निवृत्त अकाउंटंट. नाटक वेळेवर संपलं पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष. त्यात एक इंग्रज कलेक्टर होता. आजवर तो नेहमी मंडळातला सगळ्यात गोरा माणूस करायचा. मी सहज म्हणालो, “माझ्या ओळखीचा एक खराच इंग्रज आहे.” वानखेडे म्हणाले, “पण त्याला इंग्रजाचं मराठी जमेल का?”

आर्थर लगेच तयार झाला. मी त्याचे संवाद फोनवर रेकॉर्ड करून दिले. तो तीन आठवडे ते ऐकत होता. गाडीत, अंघोळीला, झोपताना. अर्थ मी कागदावर लिहून दिला होता, पण तो म्हणाला, “अर्थ नंतर. आधी सूर.”

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरला होता. आर्थर एंट्रीला आला आणि टाळी पडली. काय तो रुबाब! छडी आपटून त्याने गावकऱ्यांना दरडावलं, “सारा भरा! नाहीतर एकेकाला तुरुंगात टाकीन!” उच्चार असे स्वच्छ, की आमच्या इथे जन्मलेल्या मुलांनी शिकावेत. मी विंगेत उभा राहून सुखाने रडण्याच्या बेतात होतो.

आर्थर दोन पावलं पुढे आला. आवाज एकदम मऊ केला आणि म्हणाला, “अहो, वरण गरम करू का?”

वानखेड्यांनी घड्याळावरून मान वर केली.

मग आर्थर मान झटकून, दुसऱ्याच आवाजात, “थांब गं जरा! रेकॉर्डिंग चाललंय!” आणि लगेच पुन्हा छडी आपटून, “शिपाई! पकडा यांना!”

लोक खुर्च्यांवरून घसरले. गावकरी झालेले आमचे कार्डिऑलॉजिस्ट तोंडावर मुंडासं धरून पाठमोरे उभे राहिले. तिसऱ्या रांगेत कुंदाने पदर तोंडावर घेतला तो पडदा पडेपर्यंत.

नंतर मी आर्थरला म्हणालो, “तुला विचित्र नाही वाटलं? मध्येच आवाज बदलतोय, बाईचा होतोय...”

“वाटलं ना!” आर्थर म्हणाला. “म्हणूनच तर खास मेहनत घेतली. मला वाटलं, ते कलेक्टरच्या मनातलं द्वंद्व आहे.”

वानखेड्यांच्या नाटकात दुसऱ्या अंकात कलेक्टरची बदली होते. आर्थरला ते फार आवडलं. “मेलो नाही, फक्त बदली. प्रगती आहे!”

*

आणि मग ती तळ्याकाठच्या कॉटेजची मालिका आली. एक कुटुंब, त्यांची भांडणं, आणि आर्थर त्यांचा आजोबा. एजंटने सांगितलं, आजोबा शेवटपर्यंत आहे! आर्थरने सगळ्यात आधी फोन लावला तो एडिथला. “या वेळी शेवटपर्यंत बघ,” म्हणाला. त्याच मालिकेत मलाही फॅमिली डॉक्टरचं काम मिळालं. बॅग घेऊन यायचं, आजोबांना तपासायचं, मान हलवायची. बोलायचं नाही.

शूटिंग अर्ध्यावर आलं आणि गुलाबी पानं आली. स्क्रिप्ट बदलली की बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापून वाटतात. मी माझी पानं वाचली. शेवटच्या भागाच्या आधीच्या भागात आजोबा आरामखुर्चीत बसल्या बसल्या जातात. डॉक्टर येतो, मनगट हातात धरतो आणि घरच्यांना सांगतो, “ही इज गॉन.”

मित्रहो, माझी पहिली ओळ! इतक्या दिवसांत मला कॅमेऱ्यासमोर एक शब्द मिळाला नव्हता, आणि मिळाली ती ही ओळ.

आर्थरने पानं दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझा हात हातात घेतला. “अभिनंदन, प्रोफेसर!”

“पण आर्थर, एडिथ...”

“ती टीव्ही बंद करेल. सवय आहे तिला.” मग स्वतःच मला शिकवायला बसला. “घाई नको. कोणाच्या तरी हातात पाण्याचा पेला द्यावा तशी ओळ दे.”

मी घरी सराव सुरू केला. किचनमध्ये उभा राहून म्हणालो, “ही इज गॉन.”

कुंदाच्या हातातली पळी थांबली. “अहो! दिवेलागणीला असलं काय बोलता घरात? वास्तू तथास्तु म्हणते!”

“कुंदा, हा संवाद आहे.”

“वास्तूला काय कळतंय संवाद का काय ते? आणि कोणाबद्दल बोलताय? आर्थरभाऊंबद्दल! काही नको. बाहेर जाऊन बोला.”

मी गॅरेजमध्ये गेलो. ती मागोमाग आली. “गॅरेज घरातच धरतात.”

“वास्तूला इंग्लिश कळतं का पण?”

“इथली वास्तू आहे. तिला इंग्लिशच कळत असणार!”

शेवटी मी प्लाझाच्या पार्किंगमध्ये गाडीत काचा वर करून सराव केला. मी मोठा बुद्धिवादी माणूस. पण खोटं कशाला सांगू? गाडीतसुद्धा मी ते हळूच म्हणत होतो.

शूटिंगच्या दिवशी कॉटेजमध्ये शिरताना माझ्या मनात आलं, हा काही स्टुडिओतला सेट नाही. खरं घर आहे. खालची जमीनही चांगली, खडकाळ. मग मी तो विचार झटकला. पुरता झटकला की नाही, आज सांगता येणार नाही.

आर्थर खुर्चीत होता. डोळे मिटलेले, गुडघ्यांवर शाल. कित्येक मरणांचा अनुभव त्याच्या गाठीशी. श्वास चालू आहे हे मला दोन फुटांवरून दिसेना. मुलगी झालेली नटी हुंदके देत होती. मुलगा झालेला नट चादर घेऊन उभा होता. माझी ओळ झाली की त्याने ती आर्थरच्या तोंडावर ओढायची होती. सगळे थांबले होते.

मी गुडघ्यावर बसलो. बॅग ठेवली. आर्थरचं मनगट हातात घेतलं. पातळ, गार मनगट. आणि माझ्या बोटांखाली ठक... ठक... ठक.

मी मान वर केली आणि म्हणालो, “देअर इज अ पल्स.”

मग मुलगी झालेली नटी खरोखरच किंचाळली, “डॅड!” आणि खुर्चीपाशी कोसळली. कोणीतरी “अँब्युलन्स! कॉल अॅन अँब्युलन्स!” म्हणत दाराकडे धावलं. चादरवाला नट चादर कुठे लपवावी ते न कळून ती पाठीमागे धरून उभा राहिला.

बऱ्याच वेळाने दिग्दर्शिका म्हणाली, “कट.”

ती माझ्यापाशी आली. तरुण मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. कोपऱ्यातून लेखकही कॉफीचा कप घेऊन पुढे आला. माझ्या हातात आर्थरचं मनगट तसंच होतं. सोडायचं सुचलंच नाही.

“प्रोफेसर, तुमची ओळ काय होती?”

“ही इज गॉन.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“देअर इज अ पल्स.”

“का?”

मी खरंच विचार केला. मग म्हणालो, “कारण... आहे.”

तिने लेखकाकडे पाहिलं. लेखकाने मॉनिटरकडे पाहिलं, मग चादरवाल्या नटाकडे, मग आर्थरकडे. मी आयुष्यात इतक्या परीक्षा दिल्या आणि घेतल्या, पण निकालाची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

“पुन्हा एकदा घेऊ,” दिग्दर्शिका म्हणाली. “अगदी असंच.”

आर्थरने डोळे उघडले नाहीत. फक्त माझ्या हातातला आपला हात हळूच उलटा केला आणि मनगट वर करून ठेवलं.